विंगेतला आवाज

"दोनदा. आणि तेही सवयीनं," असं बायकोच्या कानाशी लागून सांगत त्यानं मांडीवरची तपासण्यांची पाकिटं तिच्या मांडीवर ठेवली आणि तो झपाट्यानं स्वच्छतागृहाकडे निघाला. सकाळपासूनची ही कितवी खेप, हे मोजायचं दोघांनीही सोडून दिलं होतं.

ती हॉस्पिटलच्या बाकावर बसून वाक्य घोळवत राहिली. आयुष्यभर रंगमंचावर काम केलेली बाई ती. वाक्य हातात आलं की ते उलटंसुलटं करून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. शेजारी बसलेल्या गृहस्थांना ही बाई भिंतीकडे बघून आधी खेदानं, मग आश्चर्यानं आणि मग किंचित लाडिकपणे "दोनदा" म्हणताना दिसली. ते सावकाश उठले आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

तो ओले हात झटकत परत आला. चेहरा उतरला होता, पण आवाज मास्तरचा होता.

"म्हण."

"दोनदा. आणि तेही सवयीनं."

"फार करुण झालं. तू विधवा नाहीयेस."

"अजून," ती म्हणाली.

"साधं म्हण गं. रद्दीवाल्याला भाव सांगतेस तसं. आणि माझी शपथ आहे, लक्षात आहे ना? यातलं एक अक्षर डॉक्टरांना सांगायचं नाही."

"शपथ घातलीत तेव्हाच लक्षात आलं, की प्रकरण खोटं आहे. खऱ्याला कोण शपथा घालतं?"

"पुन्हा म्हण."

तो नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. विंगेत, पडद्याच्या सुरकुतीत, एका बुटक्या स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता उघडायची, फडकं गुंडाळलेल्या दिव्याच्या उजेडात ओळीवर पेन्सिल ठेवून नटाबरोबर सरकत राहायचं, आणि नटाचं घोडं अडलं की पुढचा शब्द हळूच पुरवायचा. तो शब्द नटाला ऐकू गेला पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला कळता कामा नये. ही कुजबूज सगळ्यांना जमत नाही. त्याची कुजबूज एखाद्या चिठ्ठीसारखी नेमक्या माणसाच्या हातात पडत असे. त्यामुळे कंपनीत त्याचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. लहानथोर सगळे त्याला कुजबुजेकाका म्हणत.

प्रॉम्प्टरच्या धंद्यात सगळ्यात मोठं पाप म्हणजे आवाज. विंगेत शिंक आली तर गिळायची, खोकला आला तर तो घरी न्यायचा. आणि गेल्या हिवाळ्यात त्याला मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, गुदाशयात, कर्करोगाची गाठ निघाली.

"जागा वाईट आहे," डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. डॉक्टर तरुण होते आणि समजावून सांगण्याची त्यांना मनापासून हौस होती. "आज कापायला घेतली तर खालचा रस्ताच बंद करावा लागेल, आणि पोटावर पिशवी. कायमची. म्हणून आधी किरणं देऊ, त्यावर सलाइनमधून एक औषध देऊ आणि ऑपरेशन सगळ्यात शेवटी. गाठ पुरेशी आक्रसली तर रस्ता वाचेल. बघा, वाचेलच असं मी म्हणत नाहीये."

"किरणं आणि औषध, दोन्ही कशाला?" तिनं विचारलं होतं.

"असं समजा, दाराशी राखणीचं कुत्रं आहे. पण चोरानं त्याला बिस्किटं घालून आपलंसं केलंय. चोर घरात वावरतो आणि कुत्रं शेपूट हलवतं. किरणांनी चोरावर झोत पडतो, तो लपून राहू शकत नाही. आणि औषधानं कुत्र्याचा पट्टा सुटतो. मग ते आपलं काम करतं."

"आणि पट्टा सुटल्यावर कुत्रं घरच्यांनाच चावलं तर?"

डॉक्टर खूश झाले. असा प्रश्न विचारणारे नातेवाईक त्यांना फार मिळत नसावेत. "तेच सांगणार होतो. कधीकधी कुंपणच शेत खातं. जुलाब, धाप, अंगावर चट्टे, काहीही झालं तरी त्याच दिवशी सांगायचं. लाजायचं नाही. मग हे औषध थांबवून कुत्र्याला शांत करणारं दुसरं द्यावं लागतं."

एवढ्या लांबलचक भाषणातले दोनच शब्द त्यानं उचलले. औषध थांबवून.

त्याचा हिशेब सरळ होता. औषध थांबलं की गाठ राहणार, गाठ राहिली की पिशवी येणार, आणि पिशवी आली की तिचा आवाज येणार. हे त्यानं तिथल्या एका सिस्टरना खोदून खोदून विचारून घेतलं होतं. हो, आवाज होतो कधीकधी. नाही, त्यावर आपला ताबा नसतो. त्याला दिसायचं ते एवढंच: तिसरा अंक, रंगमंचावर मरणाची शांतता, नायक आईच्या उशाशी बसलाय, थिएटरात कुणी श्वाससुद्धा घेत नाहीये, आणि विंगेतून त्याचं पोट बोलतंय. संहितेत नसलेलं.

किरणांचा टप्पा त्यानं दिमाखात पार पाडला होता. भरपूर पाणी पिऊन लघवी धरून यायचं आणि यंत्राखाली काडीइतकंही न हलता पडून राहायचं. भलेभले तिथे हात टेकत. तंत्रज्ञ मुलीनं शाबासकी दिली तेव्हा तो म्हणाला, "पोरी, हलायचं नाही, बोलायचं नाही आणि आतलं आत धरून ठेवायचं. आयुष्यभर मी दुसरं काय केलं?"

पहिलं सलाइनही बिनबोभाट गेलं. दुसऱ्यानंतर काही दिवसांनी पोट बिघडलं. पहिल्यांदा त्यानं किरणांना दोष दिला, मग दुधाला, मग बायकोच्या हाताला. रक्त दिसलं तेव्हा त्यानं दोष देणं थांबवलं आणि तिला शपथ घातली. आज तिसरं सलाइन होतं. त्याआधी डॉक्टर तपासणार होते.

आतून हाक आली.

डॉक्टरांची खोली म्हणजे टेबल, तीन खुर्च्या, एक तपासणीची खाट आणि उरलेल्या जागेत हवा. दार लावलं की गुडघे टेबलाला टेकत.

"काय म्हणतंय पोट?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोट काय म्हणणार? गप्प आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका सहज होता की तिनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं विंगेत फुकट घालवली या माणसानं.

"जुलाब वगैरे?"

"छे."

"वजन बरंच उतरलंय."

"जिभेला आवर घातलाय. ही आता माप लावून वाढते."

डॉक्टरांनी त्याला खाटेवर झोपवून पोट दाबलं. त्याच्या पायाची बोटं आवळली, पण वरचा चेहरा फोटोला बसल्यासारखा होता. डॉक्टरांना चेहरा दिसत होता. तिला बोटं दिसत होती.

"दुखतंय?"

"गुदगुल्या होतायत."

डॉक्टर खुर्चीवर येऊन बसले. तोही बसला, जरा तिरका, एका मांडीवर भार देऊन. डॉक्टरांनी पेन उघडलं. सलाइनच्या कागदावर त्यांची सही राहिली होती, तेवढी झाली की पुढचं सगळं सुरळीत होतं. पेन कागदाला टेकलं. मग उगाच, जाताजाता विचारावं तसं त्यांनी तिला विचारलं,

"रात्री किती वेळा उठतात हो हे?"

"रात्री ना…" तिनं सुरुवात केली आणि ती थांबली.

तिच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासू लागला.

अडलेला नट आणि थांबलेला नट यांतला फरक ओळखणं हे प्रॉम्प्टरचं निम्मं शास्त्र. अभिनयाच्या थांब्यात शब्द टाकला तर नट मारायला उठतो, आणि अडलेल्याला शब्द दिला नाही तर नाटक मरतं. तिचा फरक त्याला पाठ होता. अंगठा तर्जनीवर घासला की ती अडली. प्रत्येक नाटकात एकदा तरी ती अडायचीच. चालू नाटकात दुसऱ्या अंकातल्या कपाटाच्या प्रसंगात. कंपनीचे मालक दर वर्षी म्हणायचे, "हल्ली प्रॉम्प्टर कोण ठेवतं? गेले ते दिवस." आणि दर वर्षी स्वतःच पुढे म्हणायचे, "पण ताईंचं ते कपाट आहे ना." त्यावर तो घरी येऊन तिला ऐकवायचा, "माझ्या कुजबुजीवर चाललीये तुझी कीर्ती." ती म्हणायची, "चाललीये खरी."

अंगठा दिसला आणि डोकं मध्ये पडायच्या आत ओठ हलले.

"दोनदा," तो कुजबुजला. "आणि तेही सवयीनं."

कुजबूज उत्तम होती. मोठ्या थिएटरात पहिल्या रांगेला तिचा वाराही लागला नसता. पण इथे पहिली रांग हाताच्या अंतरावर होती आणि त्या रांगेच्या हातात पेन होतं.

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं.

"हे कोण बोललं?"

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला.

"पुन्हा बोला बरं."

त्यानं मिठाची गुळणी धरली.

डॉक्टर तिच्याकडे वळले. "तुम्ही सांगा. खरं काय ते."

"मला शपथ घातलीये, डॉक्टर," ती शांतपणे म्हणाली. "मी एक अक्षर सांगणार नाही."

डॉक्टरांनी काही क्षण दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग फोन उचलला. "एक खाट बघा. आत्ता, लगेच. आणि आजचं सलाइन रद्द." फोन ठेवून ते त्याच्याकडे वळले. समजावून सांगायची हौस आता त्यांच्या आवाजात अजिबात नव्हती. "रक्त पडतंय?"

तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. मग मान हलली, जेमतेम.

"कधीपासून?"

त्यानं बोटांवर मोजायला घेतलं आणि मध्येच मूठ मिटली.

"काका, आतड्याला आतून सूज आलीये. यावर मी आज आणखी औषध घातलं असतं तर ते कदाचित फाटलं असतं. मग पिशवी कुठे लावायची, हे विचारायला तुम्ही शिल्लक असता की नाही, ते मला सांगता येत नाही."

चाकाच्या खुर्चीत बसवून त्याला वर नेलं. ती शेजारून चालत होती. लिफ्टचं दार लागेपर्यंत त्यानं कळ काढली.

"चार शब्द मिळाले असते मला, तर मी त्यात अख्खा अंक काढला असता! आणि तुला एक साधं वाक्य…"

"विसरले."

"बाकावर तर घडाघडा म्हणत होतीस!"

"तालमीत सगळंच येतं," ती म्हणाली. "वय झालं आता माझं."

खुर्ची ढकलणारा वॉर्डबॉय लिफ्टच्या आकड्यांकडे अतिशय एकाग्रतेनं बघत होता.

हाताला सुई लागली. कुत्र्याला शांत करणारं औषध सुरू झालं. त्या संध्याकाळी तिचा प्रयोग होता. त्याच्या रागापेक्षा तो मोठा होता, कारण तिकिटं खपली होती. जाताना ती पायाशी उभी राहिली.

"जाऊ ना?"

"जा. कपाटापाशी काय करणार आहेस?"

"बघू. उघडेन."

"हसू नकोस. उघडल्यावर पुढे? ‘या घरात’पासून ओळ आहे. ‘या घरात मी’. ‘मी’ म्हटलंस की बाकीचं आपोआप येईल. विंगेत कुणी नाहीये आज, ध्यानात ठेव. मालकांनी ऐनवेळी कुणाला तरी बसवलं तर त्याला सांग, अंगठ्याकडे बघ."

"सांगते," ती म्हणाली आणि तिनं पांघरूण त्याच्या पायांवर सारखं केलं.

पोट पिळवटून निघत होतं, तरी प्रयोगाच्या वेळी तो घड्याळावर नाटक चालवत पडला होता. पहिला अंक संपला. दुसरा उघडला. कपाटाची वेळ झाली तेव्हा त्याचे ओठ हलले. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काही हवंय का?"

"मला नको," तो म्हणाला. "तिला हवंय."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्याबरोबर नाटकात तिच्या मुलाचं काम करणारा नट होता. हातात फळांची पिशवी आणि अंगात कालच्या प्रयोगाची उरलेली धुंदी. खाटेच्या कडेवर बसून तो मोठमोठ्यानं बोलू लागला.

"काका, तुम्ही काल हवे होतात! काय रंगला प्रयोग! आणि काळजी करू नका बरं का, विंग रिकामी होती तरी ताई कुठे म्हणजे कुठे अडल्या नाहीत. कपाटाला तर मीच श्वास धरून उभा होतो. म्हटलं, आता गेलं. पण छे! लोण्यातून सुरी जावी तशा गेल्या. मी म्हटलंसुद्धा, ताई, इतकी वर्षं आम्हांला घाबरवत काय होता!"

ती संत्रं सोलत होती. सोलता सोलता तिनं ते फारच बारकाईनं सोलायला घेतलं.

तो नटाकडे बघत होता. मग त्यानं तिच्या हातांकडे बघितलं. अंगठा संत्र्याच्या पोटात होता आणि अगदी आपल्या मर्जीनं चालत होता.

"कुठेच नाही?" त्यानं विचारलं.

"एका शब्दाला नाही!"

त्यानं डोकं उशीवर टाकलं. नटाला वाटलं काका थकले, म्हणून तो उठला आणि बाहेर फोन लावायला गेला.

"मालक काल आले नव्हते," ती म्हणाली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. कॅलेंडरची पानं उलटावीत तसं काहीतरी तो मनातल्या मनात मागे मागे उलटत गेला असावा, कारण मध्येच त्याच्या तोंडून एका फार जुन्या, कधीच बंद पडलेल्या नाटकाचं नाव निघालं.

"त्यातसुद्धा?"

तिनं संत्र्याची फोड पुढे केली. "बी काढलीये," ती म्हणाली.

त्यानं ती हातात घेतली. लगेच खाल्ली नाही.

सूज उतरायला वेळ लागला, पण उतरली. पट्टा सोडणारं औषध मात्र डॉक्टरांनी पुन्हा दिलं नाही. मग नवा स्कॅन झाला, आतून दुर्बीण झाली, आणि सर्जन आपल्या मोठ्या टेबलामागून बोलले. ते मोजकं बोलत.

"किरणं आणि दोनच सलाइनं, पण काम बरंच झालंय. गाठ पुष्कळ वितळली. तळाला थोडी खूण आहे. ती मेलेली आहे की जिवंत, हे बाहेरून सांगता येत नाही. मी थांबणार नाही, काढणार."

"रस्ता?" तिनं विचारलं.

"पोट उघडल्यावर ठरेल. खाली बोटभर निरोगी जागा मिळाली तर जोडेन. जोड भरून येईपर्यंत थोडे महिने पिशवी, मग काढून टाकू. जागा नाही मिळाली तर कायमची."

"आणि ठरलेली चारही सलाइनं झाली असती तर?" त्यानं विचारलं.

सर्जननी चष्मा काढून पुसला. "ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

तिनं मान खाली घातली. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही, पण खुर्चीच्या हातावरचा त्याचा हात तिच्या खुर्चीच्या हातावर गेला आणि तिथेच राहिला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टर आल्या. त्याच त्या, ज्यांना त्यानं आवाजाबद्दल विचारलं होतं. त्यांच्या हातात न पुसणारं पेन होतं.

"पोटावर खुणा करायच्यात. उद्या गरज पडली तर जागा आधीच ठरलेली बरी. कामावर बसता तसे बसून दाखवा. जिथे घडी पडते तिथे पिशवी चिकटत नाही."

"कामावर मी बुटक्या स्टुलावर बसतो."

सिस्टरनी खाटेवर चढायची पायरी पुढे ओढली. तो तिच्यावर बसला. गुडघे वर आले, पाठ वाकली, हात आपोआप मांडीवर आले आणि तिथे नसलेली संहिता त्यांनी धरली. मान किंचित तिरकी झाली. सिस्टर त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या, सदरा वर करून त्यांनी पोटाच्या घड्या पाहिल्या, बोटानं चाचपून पाहिलं.

"दोन खुणा करते. थोड्या दिवसांची असेल तर ती इकडे, उजवीकडे. कायमची असेल तर इकडे, डावीकडे."

"उजवीकडे रंगमंच असतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी बसतो तिथे उजव्या हाताला रंगमंच. नट. माणसं."

"आणि डावीकडे?"

त्यानं डावीकडे वळून बघितलं. तिथे हॉस्पिटलची औषधांची ट्रॉली होती, पण तो बघत होता ते दुसरंच काहीतरी.

"भिंत," तो म्हणाला. "जाड आहे चांगली. वर काळं कापड लावलंय."

सिस्टरना यातलं काहीच कळलं नाही, पण त्या थांबल्या. खिडकीपाशी त्याची बायको उभी होती.

"असं करू," तो सावकाश म्हणाला. "उजवीकडची निघाली तर तेवढे महिने मी रजा घेतो. ही आहे, तिचं कुठे काही अडत नाही." मग त्यानं पाठ आणखी जराशी वाकवली, बरोबर दुसऱ्या अंकात वाकायची तेवढी. "आणि डावीकडची निघाली तर आवाज त्या काळ्या कापडात जिरेल. पडदा उघडायच्या आधी स्टुलावर बसतो. करा खुणा."

सिस्टरनी पेनचं टोपण काढलं. शाई थंड होती. पोट आत ओढलं गेलं.

"हलू नका."

"मी नाही हलत," तो म्हणाला.